जुना, स्वस्त प्रोसेसर निवडताना: पेंटियम जी४५६० आणि रायझन ३ २२००जी यांची तुलना कशी करावी

वापरलेल्या सुट्या भागांतून कमी खर्चात संगणक जुळवायचा ठरवले की काही नावे पुन्हापुन्हा समोर येतात. त्यांपैकी दोन म्हणजे इंटेलचा पेंटियम जी४५६० आणि एएमडीचा रायझन ३ २२००जी. पहिला जानेवारी २०१७ मध्ये बाजारात आला, तेव्हा त्याची अमेरिकेतील जाहीर किंमत ६४ डॉलर होती. दुसरा फेब्रुवारी २०१८ मध्ये ९९ डॉलरना आला. आज दोन्हींच्या मूळ किमतीला काही अर्थ उरलेला नाही, पण दोघांमधला स्वभावाचा फरक मात्र तसाच आहे, आणि तो नीट समजून घेतला तर इतर कोणत्याही दोन जुन्या प्रोसेसरांची तुलनाही याच रीतीने करता येते.

सुरुवात प्रोसेसरापासून न करता कामापासून करावी. संगणकावर रोज काय चालणार आहे, हे कागदावर लिहून काढावे: टॅली आणि पत्रव्यवहार, मुलांचे ऑनलाइन वर्ग, डीटीपीचे काम, छायाचित्रांची दुरुस्ती, व्हिडिओ संपादन, प्रोग्रॅमिंग, की खेळ. ही यादी मोघम ठेवू नये. ‘थोडेफार सगळेच’ असे लिहिणारा माणूस शेवटी दुकानदार जे पुढे करील ते घेऊन येतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

त्यानंतर दोन्ही प्रोसेसरांची माहिती शेजारीशेजारी मांडावी. जी४५६० मध्ये २ कोर (प्रोसेसरातील स्वतंत्र गणनाकेंद्रे) आहेत, पण हायपर-थ्रेडिंगमुळे ते एका वेळी ४ थ्रेड (समांतर चालणाऱ्या कामांचे धागे) हाताळतात. त्याचा वेग ३.५ गिगाहर्ट्झवर स्थिर असून टर्बोची, म्हणजे गरजेनुसार वेग आपोआप वाढवण्याची, सोय नाही. एल३ कॅशे (प्रोसेसराच्या आतली छोटी, जलद मेमरी) ३ मेगाबाइट आणि टीडीपी (उष्णतेचा अंदाजी आकडा) ५४ वॉट आहे. २२००जी मध्ये ४ खरे कोर आणि ४ थ्रेड आहेत, वेग ३.५ पासून ३.७ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, एल३ कॅशे ४ मेगाबाइट आणि टीडीपी ६५ वॉट आहे. येथे पहिली चूक होते ती थ्रेड मोजण्यात. दोन्हीकडे ‘४ थ्रेड’ लिहिलेले असले तरी हायपर-थ्रेडिंगमधला दुसरा थ्रेड हा स्वतंत्र कोर नसतो. एकच कोर एका कामात अडखळला असता त्याचे मोकळे राहिलेले भाग दुसऱ्या कामाला लावण्याची ती युक्ती आहे. तिच्यामुळे साधारण पाव हिस्सा, कधी त्याहून थोडे अधिक काम जास्त होते. दुप्पट कधीच होत नाही.

दुसरी चूक गिगाहर्ट्झच्या आकड्यावर विसंबण्याची. एका ठोक्यात किती काम उरकते हे प्रोसेसराच्या रचनेवर ठरते, त्यामुळे १० वर्षांपूर्वीचा ३.५ आणि आजचा ३.५ एकच नसतात. सुदैवाने आपल्या जोडीत हा प्रश्न फारसा टोचत नाही: इंटेलची केबी लेक रचना एका ठोक्यात किंचित अधिक काम करते, एएमडीची पहिली झेन रचना टर्बोच्या जोरावर ते अंतर भरून काढते, आणि एका थ्रेडच्या कामात दोघे जवळजवळ बरोबरीत येतात. सर्व कोर एकाच वेळी राबवणाऱ्या कामात मात्र २२००जी सुमारे दीडपट पुढे जातो. टॅली, टंकलेखन, ब्राउझरमधली दोन-चार पाने ही कामे मुख्यतः एका थ्रेडच्या वेगावर चालतात. व्हिडिओ रूपांतर, मोठ्या फायलींचे कॉम्प्रेशन, प्रोग्रॅमचे कम्पाइल होणे ही कामे सगळे कोर मागतात. आपल्या यादीतली कामे या दोन रकान्यांत वाटून टाकली की अर्धा निर्णय तेथेच होतो.

लोकांनी दिलेले आकडे वाचण्यापेक्षा, जमल्यास, स्वतः मोजावे. त्यासाठी सेव्हन-झिप हा मोफत प्रोग्रॅम पुरतो. त्याच्या टूल्स मेनूत बेंचमार्कची सोय असते आणि तेथे थ्रेडची संख्या आपल्याला ठरवता येते. प्रथम १ थ्रेड, नंतर ४ थ्रेड ठेवून दोन-तीन फेऱ्या होऊ द्याव्यात आणि शेवटी दिसणारा एकूण आकडा टिपून घ्यावा. दोन संगणकांची तुलना करताना रॅमच्या पट्ट्या सारख्याच संख्येने व सारख्याच क्षमतेच्या असाव्यात, कारण कॉम्प्रेशनच्या चाचणीवर मेमरीचा परिणाम होतो. ‘हा संगणक उघडायला किती वेळ लागतो’ ही चाचणी मात्र करू नये. त्यात प्रोसेसरापेक्षा एसएसडी आहे की जुनी हार्ड डिस्क आहे, याचेच उत्तर मिळते.

आकड्यांत न दिसणारी एक गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, आणि ती विक्रेते सहसा सांगत नाहीत. जी४५६० मध्ये एव्हीएक्स आणि एव्हीएक्स२ हे सूचनासंच (एकाच आज्ञेत अनेक आकड्यांवर काम करण्याची सोय) नाहीत. इंटेलने त्या काळी आपल्या पेंटियम श्रेणीतून ते वगळले होते. २२००जी मध्ये दोन्ही आहेत. पूर्वी याने काही बिघडत नसे, पण आता काही प्रोग्रॅम या सूचनांवाचून सुरूच होत नाहीत. मशीन लर्निंगसाठीच्या टेन्सरफ्लोच्या तयार आवृत्त्यांना १.६ पासून एव्हीएक्स लागते, मोंगोडीबी या डेटाबेसलाही ५.० पासून लागते, आणि काही नवे खेळही त्याशिवाय उघडत नाहीत. संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलासाठी यंत्र घेत असाल, तर केवळ या एका कारणासाठी मी जी४५६० बाजूला ठेवीन. हळू चालणारे सॉफ्टवेअर सहन करता येते. न चालणारे सहन करता येत नाही.

ग्राफिक्सच्या बाबतीत दोघांत तुलना करण्यासारखे फार थोडे आहे. जी४५६० मधील एचडी ग्राफिक्स ६१० पडद्यावर चित्र दाखवण्यास आणि व्हिडिओ पाहण्यास उत्तम आहे. एचईव्हीसी व व्हीपी९ या प्रकारचे व्हिडिओ ते प्रोसेसरावर भार न टाकता उलगडते, त्यामुळे यूट्यूबवरचे मोठ्या रिझोल्युशनचे व्हिडिओही अडखळत नाहीत. खेळ हे मात्र त्याचे काम नव्हे. २२००जी मधील व्हेगा ८ वर वेगळे ग्राफिक्स कार्ड न लावता हलके आणि जुने खेळ समाधानकारक चालतात. अट एकच: रॅमच्या दोन पट्ट्या हव्यात. व्हेगा ८ ला स्वतःची मेमरी नसते, ते संगणकाचीच रॅम वापरते, आणि एकच पट्टी लावली तर मेमरीची एकच वाहिनी चालू राहून ग्राफिक्सचा वेग फार खाली येतो. ८ गिगाबाइटची एक पट्टी लावून ‘व्हेगा काही कामाचे नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी ४-४ च्या दोन पट्ट्या लावून पाहाव्यात. याशिवाय रॅममधला काही भाग ग्राफिक्ससाठी राखला जातो, हे लक्षात घेऊन एकूण रॅम थोडी अधिक धरावी.

आता किमतीकडे येऊ. येथे सर्वांत मोठी गफलत होते ती फक्त प्रोसेसराचा भाव ताडून पाहण्यात. प्रोसेसर एकटा चालत नाही. त्याच्यासोबत त्याचा मदरबोर्ड येतो, आणि जुन्या बाजारात प्रोसेसर स्वस्त व चांगला बोर्ड महाग अशीच स्थिती बहुधा असते. म्हणून भाव नेहमी जोडीचा विचारावा. उदाहरणासाठी समजा, जी४५६० आणि त्याचा बोर्ड मिळून ३५०० रुपये पडतात, तर २२००जी आणि त्याचा बोर्ड मिळून ५५००. जोडीपुरता हिशेब केला तर दुसरा दीडपटीहून थोडा अधिक महाग आणि कामात सुमारे दीडपट, म्हणजे बरोबरीचाच सौदा वाटतो. पण रॅम, एसएसडी, एसएमपीएस आणि कॅबिनेट यांचे समजा ८००० रुपये दोन्हीकडे सारखेच आहेत. मग पूर्ण संगणक ११,५०० विरुद्ध १३,५०० होतो. फरक केवळ १७ टक्क्यांचा उरतो, आणि त्या बदल्यात बहुकोर कामात दीडपट वेग मिळतो. उलट, घरात आधीच चालू स्थितीतला एलजीए ११५१ चा (जी४५६० ज्या सॉकेटमध्ये, म्हणजे खोबणीत, बसतो त्याचा) बोर्ड पडून असेल, तर जी४५६० साठी काही शे रुपयेच मोजावे लागतील आणि हा सगळा हिशेब उलटा फिरेल. आपले काम पत्रव्यवहार आणि टॅली एवढेच असेल, तर न वापरल्या जाणाऱ्या कोरांसाठी जादा पैसे देण्याचे कारण नाही. ते २००० रुपये मोठ्या एसएसडीवर खर्च करावेत.

विजेचा खर्चही मांडून पाहावा, पण त्याला फार घाबरू नये. टीडीपी हा प्रत्यक्ष वापराचा आकडा नसून शीतकरणाच्या गरजेचा अंदाज असतो. तरी जास्तीत जास्त २० वॉटचा फरक धरला, संगणक रोज ८ तास आणि वर्षाला ३०० दिवस चालवला, तर फरक ४८ युनिटांचा येतो. युनिटला ८ रुपये धरले तर वर्षाला ३८४ रुपये. प्रत्यक्षात संगणक बराच वेळ निवांत असतो, त्यामुळे फरक याहून कमीच पडेल.

पुढे वाढवण्याची शक्यता हा माझ्या दृष्टीने निर्णायक मुद्दा आहे. जी४५६० चालणाऱ्या १०० आणि २०० मालिकेच्या बोर्डांवर वरची मर्यादा कोअर आय७-७७००के पाशी संपते. इंटेलचे आठव्या पिढीचे प्रोसेसर त्याच आकाराच्या सॉकेटमध्ये बसतात, पण या बोर्डांवर चालत नाहीत. केवळ सॉकेटचे नाव पाहून ते विकत घेणारे फसतात. २२००जी ज्या एएम४ सॉकेटवर बसतो, तेथे बोर्डाच्या कंपनीने त्यासाठी नवा बायोस (बोर्डातले मूळ सॉफ्टवेअर) दिलेला असेल, तर रायझन ५००० मालिकेपर्यंत जाता येते. आज २२००जी घेऊन दोन वर्षांनी त्याच बोर्डावर ६ कोरांचा प्रोसेसर चढवणे, ही वाट पहिल्या जोडीत इतकी रुंद नाही.

बायोसची चौकशी दोन्हीकडे करावी. एच११० सारखे १०० मालिकेचे बोर्ड आधीच्या पिढीसाठी निघाले होते, आणि ए३२० व बी३५० हे बोर्डही २२००जी च्या आधीचे आहेत. बायोस जुना असेल तर डिस्प्ले येत नाही आणि चांगला प्रोसेसर बिघडलेला वाटतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या गावात जेथून घ्याल, तेथे जोडी लावून, चालू करून दाखवण्याचा आग्रह धरावा.

विंडोजबाबत दोघेही सारखेच अडचणीत आहेत. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हे दोन्ही प्रोसेसर नाहीत. २२००जी चे नाव दुसऱ्या पिढीसारखे वाटते, पण आतील रचना पहिल्या झेनचीच असल्याने तो वगळला गेला. विंडोज ११ आवश्यकच असेल, तर २०१९ मध्ये आलेला ३२००जी शोधावा. तो यादीत आहे आणि त्याच एएम४ बोर्डांवर बसतो. लिनक्स वापरणाऱ्यांना यांपैकी कशाचीच अडचण नाही.

शेवटी हातात घेऊन पाहण्याची बाब. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या खालच्या बाजूस असतात, तर एलजीए ११५१ मध्ये त्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात. म्हणजे एकीकडे प्रोसेसर उलटा करून तपासावा, दुसरीकडे बोर्डाचे सॉकेट मोबाइलच्या उजेडात तिरके धरून पाहावे. एकही पिन रांगेबाहेर दिसली तर सौदा सोडून द्यावा. मी एकदा घाईत सॉकेट न पाहता बोर्ड घरी आणला आणि रॅमचा एक स्लॉट का चालत नाही, हे शोधण्यात दोन रविवार घालवले. एएम४ वरचा पंखा काढताना आणखी एक काळजी घ्यावी: संगणक पाच-दहा मिनिटे चालवून पंखा व प्रोसेसर यांमधली पेस्ट कोमट होऊ द्यावी, मग संगणक बंद करून वीज काढावी आणि पंखा सरळ वर न ओढता हलकेच डावीकडे-उजवीकडे फिरवून सुटा करावा. सुकलेल्या पेस्टमुळे पंख्याबरोबर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.