देवाची ओढ वाटेनाशी झाली तर काय करायचं

प्रार्थना चालू आहे, बायबल वाचन चालू आहे, रविवारची उपासना पण चुकत नाही, पण आतून काही हलतच नाही, असं बऱ्याच जणांचं होतं आणि कोणी बोलून दाखवत नाही. माझं पण बरेच महिने असंच चाललेलं. एक अध्याय वाचून बायबल मिटलं आणि आत्ता काय वाचलं ते आठवेना, परत उघडून बघावं लागलं. त्यातून जे उपयोगी पडलं ते सांगतो.

आधी घाबरणं सोडा. ओढ राहिली नाही याचं वाईट वाटतंय ना, मग तहान मेलेली नाहीये, मेली असती तर हा प्रश्नच पडला नसता. त्यामुळे मोठमोठ्याने गाणी लावून भावना जबरदस्तीने आणायच्या मागे लागू नका, ते दोन तास टिकतं आणि नंतर अजून रिकामं वाटतं.

मग बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं (देवासाठीची गाणी आणि प्रार्थनांचं पुस्तक) स्तोत्र ४२ काढा. हरिणी पाण्याच्या प्रवाहांसाठी लुलपते, म्हणजे तळमळते, तिथून सुरू होतं ते. हे वचन आपण नेहमी हिरवंगार रान, वाहता झरा, शेजारी गोड हरीण अशा चित्रासोबत बघतो, पण इथला लुलपण्याचा मूळ हिब्रू शब्द बायबलमधल्याच योएल नावाच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात पण आहे, तिथे ओढे आटलेत, कुरणं जळालीत आणि रानातली जनावरं देवाकडे बघून धापा टाकतायत. म्हणजे झऱ्यावर मजेत पाणी पिणारं हरीण नाही हे, याच्या घशाला कोरड पडलीये. कोरडेपणातच हे स्तोत्र लिहिलंय, म्हणून कोरडं असतानाच ते जास्त कळतं.

वाचायचं कसं, तर मोठ्याने आणि हळू, आणि ४२ आणि ४३ एकत्र, कारण 'हे माझ्या जिवा, तू खिन्न का झालास' हे पालुपद ४२ मध्ये दोनदा येतं आणि ४३ च्या शेवटी परत येतं. एक गंमत बघा, देवाशी बोलता बोलता स्तोत्र लिहिणारा माणूस मधेच स्वतःशी बोलायला लागतो, स्वतःलाच विचारतो की तुला झालंय काय, आणि सांगतो देवाची वाट बघ. आणि एवढं सांगून लगेच बरं वाटत नाही त्याला, परत रडगाणं सुरू, परत तेच पालुपद. आपलं पण तसंच चालतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. चौथ्या वचनात तो आधी लोकांबरोबर देवाच्या घरी कसा जायचा ते आठवतो, तिथे थांबा आणि तुमची अशी एखादी जुनी आठवण वहीत लिहा.

आता प्रार्थना. छान शब्द शोधू नका. स्तोत्र १३ च्या पहिल्या दोन वचनांत 'कोठवर' चार वेळा येतं, आणि स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी समाधान वगैरे काही नाही. तरी पण ही स्तोत्रं पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, आहेत! मी बरेच दिवस एवढंच म्हणायचो, 'प्रभू, मला तू हवा आहेस असं मला वाटत नाहीये, पण वाटावं असं वाटतंय.' खरं तेवढंच होतं.

यानंतरचं मला सगळ्यात जड गेलं, तहान दुसऱ्याच कशाने भागवत बसणं बंद करणं. जरा रिकामं वाटलं की हात फोनकडे जातो, रोज. म्हणून दिवसातली दहा मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत ठेवून नुसतं बसा, कंटाळा येईल, येऊ द्या. जमत असेल तर एका जेवणाचा उपास करा, पण गोळ्या वगैरे चालू असतील तर नको, आणि गाजावाजा तर अजिबात नको, मत्तयच्या शुभवर्तमानाच्या ६ व्या अध्यायात येशूने त्याबद्दल स्पष्ट सांगितलंय. कोणाशी भांडण अडकलं असेल तर तेही आधी मिटवा.

आणि हो, कधी कधी प्रॉब्लेम आत्मिक नसतोच, माणूस नुसता थकलेला असतो. बायबलच्या १ राजे या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात एलीया संदेष्टा मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही, झोपू देतो, उठवून खायला देतो, परत झोपू देतो, परत खायला देतो. होरेब डोंगराकडचा प्रवास त्यानंतर. त्यामुळे आठवडाभर नीट झोपून बघा, आणि उदासी सुटतच नसेल तर डॉक्टरांना दाखवा, त्याने विश्वास कमी होत नाही.

किती दिवस लागतील विचाराल तर मला सांगता येणार नाही. मला एकदा स्तोत्र ६३ वाचताना अचानक रडू आलं, वाटलं सुटलो. दुसऱ्या दिवशी परत कोरडंठाक. मग त्या दिवशी पण ६३ च वाचलं.