ग्रुप चॅटवरची चर्चा शिकण्याच्या कामी यायची असेल तर

चॅटवर चर्चा ठेवली की भराभर टाइप करणारे दोघे बोलतात आणि बाकीचे अंगठा दाखवून मोकळे होतात. त्यांना काही सुचत नाही असं नाही. विचार करून लिहिणाऱ्याचं वाक्य पुरं होईपर्यंत विषय चार मेसेज पुढे गेलेला असतो. म्हणून चर्चेची मांडणी आधीच करून ठेवावी लागते.

एका गटात चार-पाच जण पुरे. मोठा ग्रुप सूचनांसाठी राहू द्या, चर्चेसाठी छोटे ग्रुप काढा.

सगळ्यात जास्त मेहनत प्रश्नावर घ्या. 'बर्फ पाण्यावर का तरंगतो?' असं विचारलंत तर कुणीतरी शोधून उत्तर चिकटवतं आणि चर्चा तिथेच संपते. त्याऐवजी विचारा: 'ग्लास काठोकाठ भरलाय, त्यात बर्फाचा खडा तरंगतोय. तो वितळल्यावर पाणी सांडेल का? का?' इथे मतं फुटतात. मतं फुटली की दुसऱ्याला पटवावं लागतं, आणि पटवताना आपलंच कुठे कच्चं आहे ते कळतं. सांडत नाही यावर एकमत झालं की पुढचा प्रश्न तयार हवा: 'ग्लासात मिठाचं पाणी असेल तर?' तेव्हा पातळी किंचित वाढते. पहिलं उत्तर समजून दिलं होतं की पाठ होतं म्हणून, हे इथे उघडं पडतं.

एकूण 40 मिनिटं ठेवा. पहिली 5 मिनिटं कुणीच काही पाठवायचं नाही. प्रत्येकाने उत्तर लिहून तयार ठेवायचं आणि ठरल्या मिनिटाला सगळ्यांनी एकदम पाठवायचं. वेळ कमी असला तरी ही पायरी गाळू नका. एक उत्तर आधी दिसलं की बाकीचे त्याचीच री ओढतात.

पुढची 25 मिनिटं चर्चेची. ज्या मेसेजला उत्तर देताय त्यालाच रिप्लाय करा, हा नियम कडक पाळा. नाहीतर 'हो, पण ते तसं नाही' मधलं 'ते' म्हणजे कोणतं, हे दहा मिनिटांनी लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. नुसतं 'बरोबर' चालणार नाही, 'बरोबर, कारण…' हवं. व्हॉइस मेसेज नकोतच. ते ऐकेपर्यंत चर्चा पुढे जाते आणि नंतर शोधताही येत नाहीत.

एकाने वेळ पाहायची आणि गप्प असलेल्याला नाव घेऊन विचारायचं, एकाने जमलेल्या उत्तरावरही शंका काढायची, एकाने सारांश लिहायचा. कामं दर वेळी फिरवा.

शिक्षकाने मध्ये उत्तर देऊ नये, त्यांचा मेसेज आला की तोच निकाल ठरतो. गट अडलाच, तर छोटा प्रश्न टाका: 'तरंगणारा बर्फ किती पाणी बाजूला सारतो?'

शेवटच्या 10 मिनिटांत सारांशाच्या तीन ओळी लिहून पिन करा: काय ठरलं, कशावर एकमत झालं नाही, काय तपासायचंय. ठरलेलंच चुकलं असेल तर शिक्षकाने त्याच दिवशी सारांशाखाली दुरुस्ती लिहावी. पुढची चर्चा तिसऱ्या ओळीपासून सुरू करा.