साबणाचे उरलेले तुकडे वापरताय? या चुका टाळा

वडी झिजून पातळ झाली की हातात ठरत नाही. मग ती मोरीत विरघळत पडते, नाहीतर कचऱ्यात जाते. या तुकड्यांपासून हात धुण्यासाठी पातळ साबण घरीच होतो. आपल्या मराठवाड्यात तो फसला, तर आधी पाण्याकडे बघा.

इथल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार बरेच असतात. साबण त्यांच्याशी संयोग पावून पांढरा, चिकट साका धरतो. फेस येत नाही म्हणून लोक आणखी तुकडे टाकतात, तेही साक्यातच जातात. त्यापेक्षा जारचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. तेही नसेल तर बोअरचं पाणी खळखळून उकळा, रात्रभर निवळू द्या आणि वरचं नितळ तेवढं ओतून घ्या. थोडाफार फरक पडतो. घरच्या आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी मात्र इथे नको. टंचाईत ते जपून ठेवता हे चांगलंच, पण त्यात क्षार मूळ पाण्याहून जास्त असतात. ते फरशी पुसायला ठेवा.

तुकडे खडखडीत वाळवून किसा, ओले असले की किसणीला चिकटतात. साधारण 50 ग्रॅम किसाला अर्धा लिटर गरम पाणी पुरतं. पातेलं स्टीलचं घ्या. साबण थेट आचेवर ठेवू नका, फेस उतू जातो. गरम असताना मिश्रण पातळच दिसतं, म्हणून लगेच किस वाढवू नका. दाटपणा पूर्ण गार झाल्यावर बघा.

सुवासासाठी लिंबू पिळणं ही तर हमखास फसणारी युक्ती. आंबटपणाने साबण फाटतो आणि वर तेलकट गुठळ्या येतात. कपड्यांच्या वडीचे तुकडेही यात मिसळू नका, हातांची आग होते.

एका वेळी आठवडाभराचंच करा. पाणी मिसळलेला घरचा साबण उन्हाळ्यात लवकर वास मारतो. जुन्या बाटलीत नवं ओतण्याआधी ती धुऊन वाळवा. घरात कुणाला खरूज किंवा नायटा असेल, तर त्यांच्या वडीचे तुकडे यात घेऊच नका.

टँकरवर दिवस काढत असाल, तर पातळ साबणाच्या भानगडीत न पडलेलंच बरं. आंघोळ झाल्यावर मऊ पडलेला तुकडा नव्या ओल्या वडीवर दाबून चिकटवा आणि रात्रभर सावलीत ठेवा. कोरडा तुकडा धरत नाही, आणि उन्हात ठेवला तर सांधा तडकतो.