लायसन्स विद्यापीठाचं, हप्ते माझे

विद्यापीठाच्या प्रकाशन विभागात रुजू झाले तेव्हा फोटोशॉप आणि पानं मांडायचं इनडिझाइन, ही अ‍ॅडोबी कंपनीची सॉफ्टवेअर मला चांगली येत होती. विद्यापीठाकडून मिळणाऱ्या लायसन्ससाठी अर्ज पहिल्याच दिवशी भरला. उत्तर येईना, आणि माहितीपत्रकाची मुदत पाच दिवसांवर आलेली. मग मी ऑफिसचाच ईमेल टाकून अ‍ॅडोबीच्या साइटवर स्वतःच खातं उघडलं. ट्रायलचे 7 दिवस मिळाले, काम निघालं, कौतुकही झालं.

फसले ती इथेच. नव्याने रुजू झालेल्यांनो, अर्ज कसा करायचा, कुठलं सॉफ्टवेअर कोणाला मिळतं, हे तुमच्या आयटी विभागाच्या पानावर असतंच, ते मी सांगत बसत नाही. हा खात्यांचा भाग मात्र जरा लांबवणार आहे.

ऑफिसच्या ईमेलवर तुम्ही स्वतः उघडलेलं खातं हे वैयक्तिक खातं असतं. पत्त्यात विद्यापीठाचं नाव आहे म्हणून ते विद्यापीठाचं होत नाही. पुढे आयटी तुमच्या नावावर लायसन्स लावतं, तेव्हा त्याच ईमेलवर संस्थेचं दुसरं खातं तयार होतं. ईमेल एक, घरं दोन, आणि मधे दार नाही. एका घरातल्या फाइल, फॉन्ट, लायब्ररी दुसऱ्यात दिसत नाहीत. मग लॉगिन करताना ईमेल टाकला की समोर प्रश्न येतो: वैयक्तिक खातं, की कंपनी किंवा शाळेचं खातं? 'शाळा' वाचून मला वाटलं, हे विद्यार्थ्यांसाठी असणार, आपण तर नोकरदार. दाबलं 'वैयक्तिक'. आणि पुढचे चार महिने रोज तेच दाबत राहिले.

आठव्या दिवशी पैसे मागणारा पडदा आला. आमच्या विभागातले एक ज्येष्ठ सर म्हणाले, "अगं, कार्ड टाक आणि पुढे चल. बिल नंतर लावू." मी टाकलं. लायसन्स लागल्याची मेल तोवर जंक फोल्डरमध्ये येऊन पडली होती, हे मला चौथ्या महिन्यात कळलं. तेही लेखा विभागाने माझं बिल परत पाठवल्यावर. शेरा होता: 'लायसन्स उपलब्ध असताना खासगी खरेदी कशासाठी?' उत्तर माझ्याकडे नव्हतं.

वर आणखी एक. मी निवडलेली योजना 'वार्षिक, हप्ता मासिक' अशी होती. दर महिन्याला पैसे जातात म्हणून मी तिला महिन्याची योजना समजत होते. ती वर्षाची असते. पहिल्या 14 दिवसांत रद्द केली तर पैसे परत मिळतात, त्यानंतर उरलेल्या रकमेच्या निम्मे भरावे लागतात. माझे आठ महिने उरले होते, चार महिन्यांचे पैसे गेले. म्हणजे वापर चार महिन्यांचा, भरणा आठ महिन्यांचा. हे सगळं तिथे लिहिलेलं होतं. वाचलं नव्हतं मीच.

तर, लायसन्स लागायच्या आधी ऑफिसच्या ईमेलवर काहीही उघडू नका. घाई असेल तर स्वतःचा खासगी ईमेल वापरा आणि कार्ड टाकावंच लागलं तर ट्रायल संपण्याआधी रद्द करा. लायसन्स आल्यावर 'ट्रायल', 'खरेदी करा' असे शब्द कुठेही दिसले तर हात मागे घ्या, तुम्ही बहुधा चुकीच्या घरात आहात. संस्थेच्या खात्यात ट्रायलचा काउंटडाऊन नसतो. बहुतेक ठिकाणी तिथे तुमच्या विद्यापीठाचा नेहमीचा लॉगिन पडदा उघडतो, तीच खूण.

आणि हे आधीच करून बसला असाल तर घाबरू नका, सुटतं. वैयक्तिक खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा ईमेल बदला, ऑफिसचा काढून तुमचा खासगी टाका. पुढे ऑफिसचा ईमेल टाकल्यावर ते दोन पर्यायांचं झंझट उरत नाही. त्याआधी क्लाउडवर सेव्ह केलेल्या फाइल एक एक करून कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. मला एक अख्खी दुपार लागली. शेवटी संस्थेच्या खात्यातून तेच माहितीपत्रक उघडलं तर पानभर गुलाबी पट्टे! इनडिझाइनला फॉन्ट सापडला नाही की तो मजकूर गुलाबी दाखवतं. 'अ‍ॅडोबी फॉन्ट्स' या ऑनलाइन संग्रहातून घेतलेले फॉन्ट आधीच्या खात्यात चालू केलेले होते, नव्यात पुन्हा चालू केल्यावर पट्टे गेले. त्या पाच मिनिटांत मात्र माझ्या पोटात गोळा आला होता.

सरांवर माझा राग नाही. पण जुन्या लोकांचा सल्ला जपून घ्यावा असं माझं मत झालंय. ते शिकले तेव्हा सॉफ्टवेअर डब्यात यायचं, क्रमांक टाकला की ते त्या मशीनचं झालं. 2013 मध्ये अ‍ॅडोबीने सीएस 6 या संचानंतर डब्यातली आवृत्ती येणार नाही असं जाहीर केलं, तेव्हापासून लायसन्स माणसाच्या नावावर असतं. कॉम्प्युटर लॅबची गोष्ट वेगळी. तिथे 2019 पासून मशीनवर लावायचं सामायिक लायसन्स असतं. म्हणून 'लॅबमध्ये तर माझ्या लॉगिनने चालतं' याचा अर्थ तुमच्या लॅपटॉपवर चालेल असा नाही. आणि 'माझं लॉगिन वापर' म्हणणारे प्रेमळ सहकारी भेटतीलच. त्यांना नम्रपणे नाही म्हणा. नियमात बसत नाही हे तर आहेच, पण त्यांनी पासवर्ड बदलला की ऐन मुदतीच्या दिवशी तुम्ही बाहेर.

नावावरच्या लायसन्सने एका वेळी दोन कॉम्प्युटरवर लॉगिन ठेवता येतं. तिसऱ्यावर लॉगिन केलंत तर आधीच्या एखाद्यावरून बाहेर पडायला सांगतं. घाबरण्यासारखं काही नाही, फाइल जात नाहीत. घरच्या मशीनवर चालेल का, हे मात्र विद्यापीठाच्या करारावर आहे, विचारून घ्या. कंत्राटी आणि अभ्यागत लोकांनी तर पात्रतेपासूनच विचारावं.

ऑफिसच्या लॅपटॉपवर तुम्हाला काहीच इन्स्टॉल करता येत नसेल तर तो तुमचा दोष नाही, अधिकार आयटीकडे असतात. हेल्पडेस्कला तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, टाका. 'चालत नाही' एवढंच लिहू नका. कुठल्या ईमेलने लॉगिन केलं, दोनपैकी कुठलं खातं निवडलं, मशीन कुठलं, हे लिहा आणि पडद्याचा फोटो जोडा. माझं पहिलं तिकीट नऊ दिवस लोळत होतं. असं लिहिलेलं दुसरं त्याच दिवशी सुटलं. आणि सगळी अ‍ॅप मागू नका. आमच्याकडे निम्म्या लोकांना पीडीएफ दुरुस्त करण्यापलीकडे काही लागत नाही, तरी यादी मात्र पूर्ण हवी असते.

काम अर्ध्यावर असताना अपडेट करू नका. करावंच लागलं तर अ‍ॅडव्हान्स्ड पर्यायांमधली 'जुनी आवृत्ती काढा' ही खूण आधी पुसा. नव्या इनडिझाइनमधली फाइल जुन्यात थेट उघडत नाही, आयडीएमएल (जुन्या आवृत्तीत उघडणारा फाइलप्रकार) करून पाठवावी लागते. छापखान्याकडे जुनी आवृत्ती असली की हे हमखास आठवतं.

राहिली नोकरी सोडण्याची गोष्ट. पहिल्या आठवड्यात कोण तिचा विचार करतो! पण संस्थेच्या खात्यातल्या क्लाउडवरच्या फाइल संस्थेच्या ताब्यात असतात. तुम्ही गेल्यावर अ‍ॅडमिन त्या दुसऱ्याच्या नावे करू शकतो, तुमचं लॉगिन मात्र बंद होतं. दाखवण्याजोगं काम, विभागाची परवानगी घेऊन, पीडीएफ करून स्वतःकडे ठेवा. इनडिझाइनची 'पॅकेज' ही सोय फाइलला लागणारे फोटो एका फोल्डरमध्ये गोळा करते, पण अ‍ॅडोबी फॉन्ट्समधले फॉन्ट त्यात येत नाहीत. गेल्या महिन्यात आमची एक सहकारी गेली. शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता तिने मला विचारलं, "माझा पोर्टफोलिओ कुठल्या खात्यात आहे गं?" आम्ही दोघींनी मिळून लॉगिनचा पडदा उघडला. दोन पर्याय आले.