स्क्रिव्हेनरमधील संदर्भसाहित्याची फेरमांडणी

नागपूरच्या एम्प्रेस मिलवर दीर्घ लेख लिहिताना जुन्या नकाशांचे आणि अहवालांचे स्कॅन स्क्रिव्हेनर या लेखनासाठीच्या सॉफ्टवेअरच्या ‘रिसर्च’ फोल्डरमध्ये साठत गेले. ‘ड्राफ्ट’ फोल्डरमध्ये केवळ मजकूरच राहू शकतो. पीडीएफ, छायाचित्रे वगैरे त्याच्या बाहेर, सहसा ‘रिसर्च’मध्ये ठेवावी लागतात. तेथे आणलेल्या प्रत्येक फाइलची प्रत प्रकल्पात (म्हणजे लेखाच्या स्क्रिव्हेनरमधील संचात) जात असल्याने त्याचा आकार फुगला, आणि प्रकल्प बंद करताना आपोआप होणाऱ्या बॅकअपला नकोसा वेळ लागू लागला.

यावर उपाय असा निघाला की, जड स्कॅन संगणकावरील एका स्वतंत्र फोल्डरमध्ये हलवून प्रकल्पात त्यांचे केवळ दुवे आणले. मूळ फाइलचे नाव किंवा जागा बदलल्यास दुवा तुटू शकतो, शिवाय त्या फोल्डरचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो. तरीही हा सौदा मला परवडला.

दुसरी अडचण शोधण्याची होती. स्कॅन म्हणजे निव्वळ चित्र असल्यास त्यातील शब्द शोधात सापडत नाहीत. म्हणून प्रत्येक स्कॅनला वर्षाने सुरू होणारे नाव दिले (१ जानेवारी १८७७ रोजी गिरणी सुरू झाली, त्या दिवसाचे कागद ‘१८७७-०१-०१’ असे) आणि ‘कापूस’, ‘कामगार’, ‘यंत्रे’ असे मोजकेच कीवर्ड जोडले. विषयवार उपफोल्डर मात्र मुद्दाम टाळले, कारण एकच अहवाल अनेकदा तिन्ही विषयांत बसतो. आता संपादकाची खिडकी दुभागून एकीकडे स्कॅन व दुसरीकडे मसुदा ठेवता येतो.