पावसाआधी बोर्डो मिश्रण : काय विरघळते आणि काय बदलते

मृगाच्या तोंडावर कोकणात सुपारीच्या बागा आणि विदर्भात संत्र्याच्या बागा बोर्डोसाठी, म्हणजे मोरचूद (निळे कॉपर सल्फेट, तांब्याचा क्षार) आणि चुन्याच्या बुरशीनाशक मिश्रणासाठी, थांबलेल्या असतात. सुपारीचा कोळेरोग आणि संत्र्याचा डिंक्या, दोन्ही पावसाच्या ओलीवर फोफावतात. औषध जुने आणि स्वस्त आहे, पण ते दुकानातून तयार आणण्यापेक्षा घरी ताजे करण्याचे आहे. ते बिघडते ते बहुधा एकाच ठिकाणी: नुसते विरघळणे आणि नवा पदार्थ तयार होणे यांतला फरक लक्षात न घेतल्याने.

युरियाची गोणी ओल धरून दगडासारखी झाली, तरी आतला युरिया तोच राहतो. खडे फोडा, वापरा. नत्र 46 टक्केच असते. युरिया पाण्यात टाकला की ड्रम हाताला गार लागतो, पण तेही विरघळणेच, म्हणजे भौतिक बदल.

कळीच्या चुन्याचे, म्हणजे भट्टीत भाजलेल्या कोरड्या चुन्याचे, तसे नाही. त्यावर पाणी पडले की तो फुगतो, उकळल्यासारखा तापतो आणि वेगळाच पदार्थ होतो. हा रासायनिक बदल. पोत्यात हवेने आपोआप फुलून भुकटी झालेला चुना म्हणूनच घेऊ नका. त्याने आधी हवेतली ओल, मग कर्बवायू ओढून घेतलेला असतो. त्याला पुन्हा कळीचा चुना करायला भट्टीच लागेल. पाणी घातल्यावर तापणारे खडेच निवडा. चुना विरवताना, म्हणजे त्यावर पाणी घालून तो फुलवताना, डोळ्यांवर चष्मा हवाच. चुन्याचा एक शिंतोडा डोळा घालवू शकतो.

1 टक्का मिश्रणासाठी 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना आणि 100 लिटर पाणी. मोरचूद फडक्यात बांधून 50 लिटर पाण्यात वरच्या बाजूला रात्रभर टांगून ठेवा, तळाशी टाकलात तर फार उशिरा विरघळतो. चुना थोड्या पाण्यात विरवा, पूर्ण गार होऊ द्या, गाळून घ्या आणि त्याचेही 50 लिटर करा. मग मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओता आणि लाकडी काठीने ढवळत राहा. जो आकाशी रंगाचा साका तयार होतो, तेच औषध. मिश्रण त्याच दिवशी संपवा. शिळ्या मिश्रणातले कण जाड होतात आणि पानाला नीट चिकटत नाहीत.

भांडी प्लॅस्टिकची, लाकडाची किंवा मातीची घ्या. लोखंडाचे का नको, हे चाचणीतच दिसते. घासून चकचकीत केलेला लोखंडी विळा मिश्रणात मिनिटभर धरा. त्यावर तांबूस थर आला तर तो डाग नव्हे, खरेच तांबे आहे: लोखंड विरघळले आणि तांबे त्याच्या जागी बसले. म्हणजे मोकळे तांबे उरले आहे आणि ते पाने जाळेल. थोडी चुन्याची निवळी घाला, विळा पुन्हा घासून पाहा. ही चाचणी टाळू नका, असे मी आग्रहाने सांगेन.

सुपारीच्या घोसांवर पहिली फवारणी पाऊस लागण्याआधी आणि दुसरी साधारण 40 ते 45 दिवसांनी, उघडीप मिळताच करा. संत्र्याच्या खोडाला जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत बोर्डो पेस्ट लावा; तिच्यासाठी मोरचूद आणि चुना तेवढाच, पाणी मात्र 10 लिटर. पावसाळा संपल्यावर पुन्हा एक हात द्या. बोर्डोत दुसरे कीटकनाशक मिसळू नका. चुन्याच्या अल्कतेत बरीच औषधे फुटून निकामी होतात. उरलेले मिश्रण ओढ्यात किंवा तळ्यात ओतू नका, तांबे माशांना मारते.

चुन्याशी डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) किंवा अमोनियम सल्फेट ही खतेही मिसळू नयेत. नाकात झोंबणारा वास आला म्हणजे विकत घेतलेले नत्र अमोनिया होऊन उडून चालले आहे. ठिबकच्या टाकीत कॅल्शियम नायट्रेटसोबत फॉस्फेटची किंवा सल्फेटची खते घालाल तर पांढरा साका बसून तोट्या तुंबतील. ही खते वेगवेगळ्या दिवशी सोडा. इतर कोणतीही दोन खते एकत्र सोडण्याआधी काचेच्या बाटलीत थोडी थोडी मिसळून तासभर ठेवा. पाणी गढुळले तर ती टाकीत एकत्र घालू नका.