अंगणातल्या काँक्रीटला सीलर मारायच्या आधी हे करा

आमच्याकडे डिचोलीला पाऊस सुरू झाला की अंगणातलं काँक्रीट पाणी पिऊन काळं पडतं, वर शेवाळ, आणि गणपतीच्या वेळी पाहुणे घसरतात. सीलर (पाणी आत मुरू नये म्हणून काँक्रीटवर मारायचं द्रव) मारून सुद्धा दोन वर्षांत फुकट गेला, कारण खालचं काँक्रीट ओलं होतं.

आता मी मे महिन्यात असं करतो:

1. तारेच्या ब्रशने घासून धुवायचं, मग दोन-तीन दिवस कडक ऊन खाऊ द्यायचं.

2. संध्याकाळी जाड प्लास्टिकचा हातभर लांब-रुंद तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून ठेवायचा. सकाळी खाली दव किंवा काळा डाग दिसला तर अजून ओल आहे, थांबा. काहीच नसेल तर वर चार थेंब पाणी टाका, थेंब लगेच आत मुरला म्हणजे सीलर पण मुरेल.

3. आत मुरणारा सिलेन-सिलोक्सेनचा सीलर झाडांच्या फवारणी पंपाने सकाळी लवकरच मारायचा, दुपारी लादी तापली की तो मुरायच्या आधीच उडतो. डबकं राहिलं तर लगेच फडक्याने पुसा.

नवीन काँक्रीट असेल तर 28 दिवस तरी थांबा.

मनालीसारख्या थंड जागी घर असेल तर हेच काम हिवाळ्याआधी, तिथे आत मुरलेलं पाणी गोठून साधारण 9 टक्के फुगतं आणि वरचे पापुद्रे निघतात.

फक्त चमकणारा अ‍ॅक्रिलिक सीलर पायऱ्यांवर नको, दिसतो झकास पण पावसात साबणासारखा निसरडा.